हेमाली बोटीवरील अकरा क्रमांकाचे जाकीट

सुज्ञ वाचकहो आणि बालमित्रांनो, प्रस्तुत लेखात मी माझा जन्म, माझी बारा वर्षांची उपेक्षा आणि एका थोर तांडेलाचे धैर्य यांची हकीकत यथाशक्ती निवेदन करणार आहे. समुद्रात कुठे अपघात झाला की माणसे एकमेकांना विचारतात, ‘आता जहाजात बसावे की बसू नये?’ या प्रश्नाचे उत्तर विद्वान लोक पुस्तकातून देतील. मी विद्वान नाही. परंतु एकदा ते उत्तर मला स्वतःच्या अंगाने द्यावे लागले, म्हणून बोलण्याचे धाडस करीत आहे.

मित्रांनो, मी एक जुने जाकीट आहे. पाण्यात पडलेल्या माणसाला तरंगत ठेवावे, एवढेच माझे जन्मकार्य. माझा रंग नारिंगी, पट्टे काळे, पोटात हलका फोम आणि खांद्याशी एक छोटी शिट्टी. पाठीवर पांढऱ्या रंगाने अकरा हा आकडा घातलेला आहे.

माझा जन्म भाईंदर पूर्वेच्या एका कारखान्याच्या गाळ्यात झाला. तिथे ममताबाई नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाई होत्या. पट्टा शिवून झाला की त्या तो पायाखाली दाबून धरीत आणि दोन्ही हातांनी जीव खाऊन ओढीत. “तुटायचं असेल तर इथंच तूट बाबा, तिकडं नको,” असे त्या प्रत्येकाला म्हणत. माझा पट्टा तुटला नाही. त्या माउलीचे हात मला पुन्हा दिसले नाहीत. पण त्यांचा टाका आजही माझ्या अंगावर आहे.

तेथून आम्ही चोवीस भावंडे उत्तनच्या धक्क्यावर आलो. तिथे गोवर्धन तांडेल यांची ‘हेमाली’ नावाची बोट होती. तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख, आणि हेमाली हे त्यांच्या लेकीचे नाव. चाळीस वर्षे मासेमारी केल्यावर गुडघे कुरकुरू लागले, तेव्हा त्यांनी जाळी भावाला दिली, बोटीत बाके बसवली, वर छत घातले आणि दर रविवारी प्रवाशांना खडकावरच्या दीपस्तंभापर्यंत फिरवून आणू लागले. मीरा रोड, भाईंदरची मंडळी हौसेने येत. फलकावर ‘हेमाली क्रूझ’ असे लिहिलेले होते.

गोवर्धन तांडेलांसारखा दर्यावर्दी मी पाहिलेला नाही. पाण्याचा नुसता रंग बघून ते खालचा खडक सांगत. बोट सुटण्यापूर्वी ते प्रत्येक प्रवाशाच्या खांद्याला हात लावून मोठ्याने माणसे मोजीत आणि परतल्यावर पुन्हा तसेच मोजीत. बारा वर्षांत हा हिशेब एकदाही चुकला नाही.

परंतु आमचे काय? आम्ही आलो त्याच दिवशी त्यांच्या पत्नी गोदूबाई म्हणाल्या होत्या, “प्लास्टिक काडू नको हां, नवा माल हाय, खार लागंल.” म्हणून आम्ही आपापल्या प्लास्टिकच्या पिशवीत राहिलो आणि प्रत्येकी नायलॉनच्या दोरीने बांधून बाकाखाली गेलो. वर्षातून एकदा तपासणीस येत, आम्हाला मोजत आणि जात. मी गठ्ठ्यात सर्वात वर असल्याने कुणाच्या आजीच्या पाठीला टेकू म्हणून पिशवी आणि दोरीसकटच मला काढीत. असंख्य आज्यांनी मला चपटे केले. पण अंगात मला कुणीही घातले नाही, कारण तांडेल स्वतः घालीत नसत. कोळीवाड्यात जाकीट घालणे म्हणजे कमीपणा. “दर्याच्या पोराला फुगा कशाला?” असे तिथे म्हणत.

यंदाच्या हिवाळ्यात दूरच्या एका समुद्रात मोठे प्रवासी जहाज खडकावर आदळून कलंडले. घराघरांत मोबाइलवर ती तिरकी पडलेली नौका दिसू लागली. पुढच्या रविवारी आमच्या बोटीवर चारच माणसे आली. त्यानंतरच्या रविवारी तीन आली, आणि ती तिघे एकाच घरची होती.

मीरा रोडच्या शांती नगरात राहणारे दशरथराव, त्यांच्या पत्नी गिरिजाबाई आणि मुलगा नीरज. दशरथराव मुंबईच्या गोदीत कारकून होते. कोणते जहाज कधी आले आणि कधी गेले, याची नोंद त्यांनी चौतीस वर्षे केली. मात्र एकाही जहाजात बसून ते कुठे गेले नाहीत. आता त्यांच्या सत्तरीनिमित्त नीरजने मोठ्या क्रूझची चार दिवसांची तिकिटे काढली होती. प्रवासाला पंधरा दिवस उरले होते. आणि गिरिजाबाई नाही म्हणत होत्या.

“आई, फक्त एक तास गं,” नीरज धक्क्यावर समजावत होता. “त्या दिव्यापर्यंत जायचं नि परत. हे जमलं तर मोठं जहाज पण जमेल.”

“आणि नाही जमलं तर?”

“तर उद्या फोन करून कॅन्सल करतो.”

गिरिजाबाई नवऱ्याकडे वळल्या. “तुम्ही जा ना एकटे. मी कुठे अडवतेय?”

“चौतीस वर्षं जहाजं एकट्यानेच बघितली,” दशरथराव म्हणाले. “आता एकट्याने नको.”

त्यांनी हे इतक्या हळू सांगितले की मला बाकाखाली जेमतेम ऐकू आले. मला त्यांची फार कणव आली.

गिरिजाबाई बोटीत उतरल्या आणि त्यांनी पहिलाच प्रश्न केला, “मामा, जाकिटं आहेत का?”

“हायत ना बाय! चोवीस हायत,” तांडेल अभिमानाने म्हणाले आणि त्यांनी मला ओढून काढले.

मित्रांनो, यापुढे जे घडले ते सांगताना मला आजही संकोच वाटतो. नायलॉनची गाठ सुटेना. बोटीवरचा जुना खलाशी लवू याने ती दातांनी सोडवली. मग प्लास्टिक फाटेना. ते फाटले तर पट्ट्याची कडी खाऱ्या हवेने गंजून घट्ट बसलेली. अखेर कडी सुटली तेव्हा दशरथरावांनी सवयीने घड्याळ पाहिले आणि म्हणाले, “चार मिनिटं.”

“चार मिनिटांत बुडणारा बुडून मोकळा होतो,” गिरिजाबाई म्हणाल्या. मग त्यांनी तांडेलांकडे नीट पाहिले. “आणि तुमचं कुठाय?”

तांडेल हसले. “आमी दर्याची पोरा. आमाला काय करायचा?”

“वा! आणि धक्का बसून तुम्हीच आधी पाण्यात पडलात तर? आम्हाला किनाऱ्याला कोण आणणार? तुमच्यासाठी नाही हो, आमच्यासाठी घालायला हवं तुम्ही.”

गिरिजाबाई बोटीतून उतरल्या. दशरथराव त्यांच्या मागून उतरले, पण धक्क्याच्या पायरीवर एकदा थांबून त्यांनी मागे पाण्याकडे पाहिले. त्या दिवशी बोट सुटली नाही.

गोवर्धन तांडेल मला मांडीवर घेऊन कडीवरचा गंज नखाने खरवडू लागले. गोदूबाई माशांची पाटी घेऊन आल्या तेव्हा तांडेलांनी त्यांना सारे सांगितले. गोदूबाईंनी पाटी खाली ठेवली. “ती बाय खरा बोलली. तू गेलास तर सुकान कोन धरंल? ह्यो लवू? ह्याला बकरी पन हाकता येत न्हाय.”

लवू तिथेच उभा होता. त्याने हे मुकाट्याने ऐकून घेतले, कारण ते खरे होते.

“आनि प्लास्टिक?” तांडेल म्हणाले. “प्लास्टिक कोन बोलला ठेवायला?”

“मी बोलली. चूक झाली माजी. आता सुरी आन.”

दुसऱ्या दिवशी चोवीसही पिशव्या कापल्या गेल्या. आम्हाला गोड्या पाण्याने धुतले. कड्यांना तेल दिले, सहा कड्या बदलल्या. आणि बोंबील सुकवायच्या बांबूच्या वलांडीवर आम्हाला ओळीने टांगले. तिथून जाणारा शेजारच्या बोटीचा रोशन तांडेल मोठ्याने ओरडला, “गोवर्धनमामा, यंदा केशरी बोंबील लागला काय जाल्याला? आमाला पन द्या किलोभर!” अख्खा कोळीवाडा हसला. गोवर्धन तांडेल माझा पट्टा ओढून बघत राहिले. त्यांनी वर पाहिलेसुद्धा नाही.

मग त्यांनी नीरजला फोन लावला. “तिकीट रद्द केला काय?”

“नाही अजून. बाबा एक दिवस थांब म्हणतायत. रोज एक दिवस.”

“मंग रविवारी आईला आन. बोटीत नको बसवू. नुसता बगायला आन.”

रविवारी भरतीच्या वेळी ती तिघे आली. गिरिजाबाईंनी पर्स छातीशी धरली होती. धक्क्यावर बघ्यांची दाटी झाली होती आणि रोशन तांडेल सर्वांत पुढे होता.

“लवू,” तांडेल म्हणाले, “चोवीसात वाईटातला वाईट कुठला?”

लवूने मला उचलले. “हा अकरा नंबर. चपटा झालाय.”

“ह्योच दे. ह्यो तरंगला म्हंजे बाकीचे तरंगतील.”

बालमित्रांनो, मी बारा वर्षे बोटीवर होतो, परंतु मी पाण्यात कधी उतरलोच नव्हतो. माझ्या पोटातला फोम आज्यांच्या पाठींनी दबून गेलेला. मी तरंगेन की नाही, हे मलाच ठाऊक नव्हते! आणि एका माणसाची आयुष्यभराची इच्छा माझ्या या चपट्या अंगावर अवलंबून होती. तांडेलांनी तिन्ही पट्टे आवळले. त्यांचे काळीज शांतपणे चालले होते. माझी शिट्टी मात्र थरथरत होती.

“थांबा,” गिरिजाबाई पुढे आल्या. “तुम्ही पट्टीचे पोहणारे. तुम्ही तरंगणारच. हात नाही मारायचे.”

“न्हाय मारनार.”

“पायसुद्धा नाही.”

“पाय पन न्हाय.”

“अवो बाय, श्वास तरी घेऊ द्या त्याला!” रोशन ओरडला. एकच हशा पिकला, आणि त्या हशातच गोवर्धन तांडेलांनी धक्क्यावरून उडी घेतली.

आधी अंधार झाला. पाणी माझ्या टाक्याटाक्यांतून आत शिरले. आम्ही खाली जात होतो. मला वाटले, संपले. त्या क्षणी मला ममताबाई आठवल्या. पट्टे ताणले गेले, अगदी त्यांच्या पायाखाली ताणले होते तसे. ते तुटले नाहीत. आणि मग, मित्रांनो, माझ्या पोटातून काहीतरी वर जाऊ लागले, आणि ते मीच होतो. तांडेलांचे डोके पाण्याबाहेर आले. त्यांनी पांढऱ्या मिशांवरचे पाणी फुंकरले आणि शाळेतल्या मुलाप्रमाणे हाताची घडी घातली. वय वर्षे चौसष्ट. लाटेबरोबर आम्ही वर होत होतो, खाली होत होतो, आणि त्यांनी बोटसुद्धा हलवले नाही.

“एक मिनिट,” दशरथरावांनी घड्याळ पाहून जाहीर केले. “दोन... तीन... चार...”

“पुरे हो, पुरे! वर या आता, सर्दी होईल!” गिरिजाबाईच ओरडल्या.

तांडेल वर आले. मी ओलाचिंब होतो, तरी त्यांनी मला अंगातून काढले नाही. गिरिजाबाईंनी विचारले, “मामा, एक खरं सांगा. समुद्र सेफ आहे का?”

“न्हाय बाय,” ते म्हणाले. “कंदीच नव्हता. म्हनून तर आपून सांभालून जायचा.”

या उत्तराने त्या घाबरतील असे मला वाटले होते. पण त्यांनी पर्स नीरजच्या हाती दिली, बोटीत उतरल्या आणि जाकीट बांधून घेण्यासाठी दोन्ही हात वर केले. दशरथरावांचे पट्टे मात्र त्यांनी स्वतः बांधले, आणि दोनदा ओढून पाहिले.

त्या दिवशी हेमाली सुटली. दीपस्तंभाजवळ बोट पश्चिमेकडे वळली, तेव्हा समोर पाण्याशिवाय काही नव्हते. दशरथराव उभे राहिले. नेहमी जहाजांची पाठ बघणारा तो माणूस प्रथमच जहाजाच्या तोंडाकडून समुद्र बघत होता. गिरिजाबाईंनी एका हाताने बाक आणि दुसऱ्या हाताने त्यांचा सदरा धरला होता. थोड्या वेळाने बाक सुटला. सदरा त्यांनी सोडला नाही.

धक्क्यावर तांडेलांनी खांदे मोजले. “नीरज,” गिरिजाबाई म्हणाल्या, “तो फोन करू नकोस.”

महिन्याभराने मोठ्या जहाजाचा प्रवास करून ती दोघे नवराबायको पेढे घेऊन आली. दशरथरावांचा चेहरा उन्हाने रापला होता. “चारी बाजूंनी पाणी, तांडेल,” एवढेच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. “चारी बाजूंनी.” पहिल्या दिवशी त्या जहाजावर सर्वांना जाकिटे घालायला शिकवले, तेव्हा लोक फोटो काढण्यात दंग होते. गिरिजाबाईंनी मात्र पांढऱ्या गणवेशातल्या अधिकाऱ्याला सर्वांसमक्ष विचारले, “आणि तुमचं कुठाय?” तो हसला, आत गेला आणि घालून आला.

हे ऐकून गोवर्धन तांडेल पोट धरून हसले. त्यांचे पोट माझ्या आत होते, म्हणून मीही हसलो.

परवा सकाळी रोशन तांडेल आला. आजूबाजूला कोणी नाही याची त्याने खात्री केली. “मामा, एक जाकीट मिलंल काय?”

“कोनाला? पोरीला?”

“न्हाय,” तो खाली बघत म्हणाला. “मना.”

तांडेलांनी त्याला एका शब्दाने चिडवले नाही. त्यांनी बारा नंबर काढला, त्याच्या अंगात घातला आणि पट्टा ओढून पाहिला. मित्रांनो, तो पाण्यात उडी घेण्याचा दिवस मोठा होता. परंतु त्यांचे हे गप्प राहणे मला त्याहून मोठे वाटते.

तेव्हा बालमित्रांनो, माझी हात जोडून एकच विनंती आहे. बोटीत जरूर बसा. समुद्र बघण्यासारखा आहे. मात्र आम्हाला प्लास्टिकमध्ये जपून ठेवू नका. आम्ही जपून ठेवण्यासाठी नाही, तुम्हाला जपण्यासाठी आहोत. आणि सुकाणू धरणाऱ्या माणसाला न घाबरता विचारा, “तुमचं कुठाय?”

अकरा क्रमांकाच्या या जाकिटाला हात नाहीत, म्हणून त्याचे मनोगत मी माझ्या अक्षरात उतरवले. शिक्षण सातवीपर्यंतच झाले असल्याने काही चुकले असल्यास क्षमा असावी. बकरी हाकता येत नाही हे मान्य. गाठी मात्र आता मी अशा बांधतो की एका ओढीत सुटतात. येथवर वाचल्याबद्दल सर्व वाचकांचा मी मनःपूर्वक आभारी आहे.

आपला नम्र,
लवू धर्मा भोईर
खलाशी, हेमाली बोट, उत्तन