हिरवा ठिपका आणि दोन बोटांचा फरक

रुग्णालयाच्या भोजनगृहात पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलं भिंतीला सरकवलेली, परिचारिका बाकांवर उभ्या, दारात सफाई कामगारांची दाटी. सगळे समोरच्या पडद्यावर थरथरणाऱ्या हिरव्या ठिपक्याकडे टक लावून बघत होते.

"जीभ फसवेल, बुबुळ फसवणार नाही!" सफारीतला पाहुणा गरजला. स्वतःला तो 'नजरसम्राट' म्हणवून घेत असे. "चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना? ते चांदणं माझा चष्मा पडद्यावर पाडतो!"

टाळ्या पडल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

महिनाभर वेदनाशामक इंजेक्शनं गायब होत होती. ऑपरेशन झालेले रोगी कळवळत पडत. पेट्या भांडारातूनच फोडलेल्या येतात, अशी लेखी तक्रार माझ्या थोरल्या बहिणीने अधीक्षकांकडे केली होती. ताई त्या वॉर्डची मुख्य परिचारिका. भांडारपाल मात्र अधीक्षकांचा सख्खा भाचा. तक्रार गेली आणि आठ दिवसांत हा सम्राट आला.

परीक्षा सोपी होती. हातभर अंतरावर एक तिरका ट्रे. वरच्या ओळीत इंजेक्शनच्या बाटल्या, दोन बोटं खाली साध्या पाण्याच्या. चष्म्याच्या दांडीतला बारका कॅमेरा बुबुळ टिपायचा, भुवयांमधला दुसरा कॅमेरा समोरचं दृश्य. नजर जिथे, तिथे ठिपका. फक्त पाण्याकडे बघायचं. ठिपका वर सरकला, तर चोर.

भाच्याचा ठिपका पाण्यावर खिळून राहिला. मग ताई बसली. ठिपका थेट इंजेक्शनवर!

"बघा, बघा! सांगितलं पाणी, नजर गेली मालावर!"

"अहो, मी पाण्याकडेच बघतेय!" ताई रडकुंडीला येऊन म्हणाली. काल तिच्या हाताखाली काम शिकलेल्या मुली तोंडाला पदर लावून कुजबुजू लागल्या. एक तर म्हणाली, "दिसतं तसं नसतं बाई."

मी त्याच रुग्णालयात नेत्रविभागात चष्मे बसवून देते. माणूस समोर आला की माझा पहिला प्रश्न, जवळचा हवा की लांबचा? म्हणूनच मला ते दिसलं. सम्राटाचा चष्मा डोळ्याशी जुळवताना आधी कागदावरच्या ठिपक्यांकडे बघायला लावतात. भाच्याच्या वेळी तो कागद ट्रेवरच टाचला होता. ताईच्या वेळी पलीकडच्या भिंतीवर, पंधरा फुटांवर.

मी पुढे घुसले. "हिचा कागद भिंतीवर का लावला?"

"बाई, हे सूक्ष्म शास्त्र आहे. चष्मे विकण्याइतकं सोपं नाही."

"मग सूक्ष्म शास्त्राने साहेबांनाही बघू दे. साहेब, घाला चष्मा."

अधीक्षक चुळबुळले. आमचे म्हातारे नेत्रतज्ज्ञ मागून म्हणाले, "घाला की! कर नाही त्याला डर कशाला?"

हशा पिकला, आणि साहेबांना बसावंच लागलं. भिंतीवरच्या कागदावर मी चष्मा जुळवला. मग म्हटलं, "आता पाण्याकडे बघा."

ठिपका इंजेक्शनवर जाऊन बसला.

"अहो, मी पाण्याकडेच बघतोय!" साहेब ओरडले.

"ताईही हेच सांगत होती." मग मी कागद ट्रेवर टाचला आणि चष्मा पुन्हा जुळवला. ठिपका मुकाट्याने पाण्यावर उतरला.

"सगळ्यांनी एक बोट नाकासमोर धरा," मी म्हटलं. "आधी एक डोळा मिटा, मग दुसरा. बोट उडी मारतं की नाही? लांबची भिंत तेवढी हलते का? दृश्याचा कॅमेरा भुवयांमध्ये आहे, डोळा त्याच्याखाली. दोघं वेगवेगळ्या जागेवरून बघतात. लांबच्या भिंतीवर हा फरक जाणवत नाही, हातभर अंतरावर तो दोन बोटांचा होतो. भिंतीला जुळवलेला चष्मा जवळ वापरला, की ठिपका वर चढणारच. तुम्ही बसलात तरी चढेल, मी बसले तरी. चष्म्यात खोट नाही. तो कुणासाठी कुठे जुळवायचा, हे या माणसाने आधीच ठरवलं होतं!"

"यंत्र जरा तापलंय..." सम्राट पुटपुटला.

"यंत्र नाही, मी तापलेय! माझ्या बहिणीची अब्रू गेली असती. आणि कपाळावर चोर लिहून बाहेर पडल्यावर तिला कोण कामावर ठेवणार होतं?"

पोलीस आले तेव्हा सम्राट पोपटासारखा बोलला. भाच्याला वाचवून ताईला पकडायचं, हे अधीक्षकांनीच सांगितलं होतं. ताईच्या तक्रारीचं पाकीट त्यांच्या खणात फोडून, पण नोंद न करता दडवलेलं मिळालं. भाचा आणि मामा दोघंही निलंबित झाले.

टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकच मुलगी ताईची माफी मागायला आली. बाकीच्या अजून जिन्यात तोंड फिरवतात. त्यांचाही मला राग आहे, सम्राटाहून तसूभरही कमी नाही. शिकलेली माणसं ती. रोज थर्मामीटर हाताळणारी. पण पडद्यावर ठिपका दिसला आणि अक्कल गहाण पडली.

म्हणून सांगते. यंत्राकडे बोट दाखवून कुणी "हा चोर" म्हणालं, तर आधी उभं राहून विचारा, हे यंत्र कुठे धरून जुळवलं, आणि कुणी? पुन्हा सगळ्यांसमोर जुळवून दाखवा म्हणा. खरं असेल तर ते दहा वेळा तपासूनही खरंच राहील. उत्तर मिळेपर्यंत मात्र खाली बसू नका.