श्रावणभाऊंची जाळी

“हे जाळी तेवढी काढून द्या, भाऊ,” विजया गाडीतून उतरत म्हणाली. “घेणारा चार वाजता सौंसरवरून येऊन राहिला. त्याले फोटो धाडला तं म्हणते, गाडीच्या तोंडाले मच्छरदाणी कायले बांधली?”

मच्छरदाणी हा शब्द श्रावणभाऊंना चांगलाच झोंबला. पांढुर्ण्यात गाडीचा एसी बिघडला की लोक श्रावण डोंगऱ्यांकडे येत, आणि ही जाळी तर त्यांची स्वतःची अक्कल होती. जिनिंगचा हंगाम लागला की कापसाच्या गाड्यांतून रुई उडते आणि कारच्या नाकाशी असलेल्या कंडेन्सरवर जाऊन बसते. गरम गॅस निववायचं काम त्या कंडेन्सरचं. तोच रुईने माखला की एसी गुदमरतो. म्हणून बारा वर्षांपूर्वी श्रावणभाऊंनी कंडेन्सरपुढे बारीक नायलॉनची जाळी बांधायला सुरुवात केली. वरून आणि दोन्ही बाजूंनी तार आवळायची, खालची कड मात्र मोकळी सोडायची, म्हणजे पावसाचं पाणी तुंबत नाही. बघता बघता स्टँडवरच्या झाडून साऱ्या गाड्यांना जाळ्या लागल्या. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून गावात दोन चकाचक गॅरेजं उघडली, पण अशी जाळी आपल्याशिवाय कोणाला सुचली नाही, हे ते भेटेल त्याला ऐकवत.

तरी त्यांनी पक्कड उचलली. एसीचा कम्प्रेसर गेला, हे परवा त्यांनीच सांगितलं होतं. इंजिन सुरू करून, डोळे मिटून, दोन मिनिटं कान लावून. गॅसचा दाब मोजायचे गेज त्यांच्याकडे होते, पण पेटीत. ज्याला कान आहेत त्याला गेज कशाला, असा त्यांचा खाक्या.

नवा कम्प्रेसर विजयाच्या आवाक्यातला नव्हता. दोन वर्षांपूर्वी कापडाच्या दुकानातली उभ्याची नोकरी सोडून तिने ही जुनी गाडी घेतली होती. आठवड्यातून दोनदा पहाटे निघायचं, डायलिसिसचे पेशंट नागपूरला न्यायचे आणि दुपारी घरी आणून सोडायचे. मे महिन्यात एसीशिवाय त्या माणसांना नेणं म्हणजे त्यांचा जीव काढणं. आज शेवटची फेरी झाली होती. गाडी गेली की ती परत दुकानात उभी राहणार होती.

मागच्या सीटवर सावरगावच्या देवकाबाई ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसल्या होत्या. त्यांना घरी सोडायचं बाकी होतं.

“बाबू,” त्या आतूनच म्हणाल्या, “एक इचारू का? मशीन जर मेलं हाय, तं गाडी पळते तवा गार काऊन लागते? टोलवर उभी रायली का मंगच उबते.”

श्रावणभाऊंचा हात थांबला.

“पळताना गार लागते?”

“सुटरसुटर लागते, झुळुकीवानी. महिना झाला असंच चालू हाय.”

“मी परवा हेच सांगून राहिली होती,” विजया म्हणाली. “तुम्ही म्हणाले, ताई, तुम्ही चूप राहा, मले मशीन आयकू द्या.”

असं ते म्हणाले होते खरे. श्रावणभाऊंची कानशिलं तापली. कम्प्रेसर गेला असता तर गाडी पळो की उभी राहो, गार लागलंच नसतं. पळताना वारा लागतो म्हणून गार आणि थांबल्यावर गरम, याचा अर्थ कंडेन्सरला हवा मिळत नव्हती. पण त्यांनी तर तो परवाच पाहिला होता. जाळीमागे लख्ख होता.

देवकाबाईंना पंख्याखाली बसवून त्यांनी पुढचा बंपर उतरवला, कंडेन्सरचे वरचे बोल्ट सोडले आणि तो हलकेच पुढे ओढून मागे बॅटरीचा झोत मारला. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यात बोटभर जागा असते. त्या जागेत रुई, धूळ आणि तेल मिळून करडी गादी झाली होती. जाळीच्या खालच्या मोकळ्या कडेतून, कंडेन्सरच्या खालून पंख्याने दोन हंगामांची रुई आत ओढली होती. जाळी नसती तर ती पुढेच बसली असती आणि शेंबड्या पोरालाही दिसली असती.

विजया शेजारी येऊन उभी राहिली. सांगायचं नसतं, तर तोंडाशी उत्तर तयार होतं: काहीतरी जुगाड केला ताई, बसला नशिबाने. तिने विश्वास ठेवला असता, वर आभारही मानले असते. श्रावणभाऊंना क्षणभर तसं बोलावंसं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

“कम्प्रेसर चांगला हाय, ताई,” ते म्हणाले. “माह्या जाळीनं गाडी मारली. अन् मी तुमचं आयकलं नाही.”

विजयाने वाकून त्या गादीला बोट लावलं.

“म्हणजे मी उगाच विकून राहिली होती?”

“हाव.”

“दोन दिवस झाले, घास उतरला नाही माह्या नरड्याखाली. दुकानवाल्याच्या पाया पडून आली मी, जागा ठेवा म्हणून.” तिचा आवाज फाटला. “अन् तुम्ही हाव म्हणता!”

श्रावणभाऊ मान खाली घालून कामाला लागले. बोटांनी निघेल तेवढी गादी काढली, पाण्याची बारीक धार मागून पुढे सोडत एकेक पाती धुतली, सगळं परत बसवलं. मग पेटीतले गेज पुसून पाइपांना लावले. इंजिन सुरू झालं. गाडी उन्हात जागच्या जागी उभी, तरी काटे जिथे हवे तिथे थांबले. विजयाने आत हात घालून एसीच्या झडपेपाशी धरला. तिथेच धरून ठेवला.

पावणेचारला तिने सौंसरला फोन लावला. “गाडी देत नाही जी,” ती म्हणाली, आणि पलीकडचा काय बोलतो ते न ऐकताच ठेवला. जाताना श्रावणभाऊंशी ती एक शब्द बोलली नाही. देवकाबाईच तेवढ्या म्हणाल्या, “येतो बाबू.”

तिसऱ्या दिवशी पहाटे श्रावणभाऊ पक्कड घेऊन स्टेशनच्या स्टँडवर हजर झाले. राजू ड्रायव्हरची गाडी पहिली होती. त्यांनी तिची जाळी कापायला घेतली तसा राजू चहा सोडून धावत आला.

“काकाजी, काय करून राहिले? तुम्हीच तं बांधली होती न!”

“बांधली मीच. चुकली. रुई मधात साचते तिच्यानं.”

“मंग आता रुई कशी थांबवाल?”

“नाही थांबत. हंगामात पंधरा दिवसाले आणत जा, धुऊन देतो.”

बाकीचे ड्रायव्हर गोळा झाले. एकजण खो खो हसला, म्हणाला, बारा वर्षं आम्हाले टोपी घातली म्हणा की. श्रावणभाऊ हसले नाहीत आणि चिडलेही नाहीत. पुढच्या गाडीपाशी जाऊन उकिडवे बसले.

चौथ्या गाडीवर होते तेव्हा नागपूरच्या दिशेने निघालेल्या विजयाच्या गाडीचा हॉर्न वाजला, एकदाच. गाडी थांबली नाही. दोन्ही हात रुईने भरले होते म्हणून श्रावणभाऊंनी नुसती मान वर केली. काचा चारही बंद होत्या. मागच्या सीटवर देवकाबाई पदर कानांवरून घट्ट ओढून घेत होत्या.