मिशा नसलेला सकर

श्रावणातली दुपार, उंबऱ्यापर्यंत आलेलं धुकं, आणि काचेच्या टाकीतला हिरवट उजेड चेहऱ्यावर घेऊन ओणव्या झालेल्या रशीदामावशी. लोणावळ्यातल्या माझ्या शेजारणीचं हे रूप डोळ्यांपुढून हलत नाही. चष्मा कपाळावर, नाक काचेला टेकलेलं. आणि पलीकडून काचेला तोंडानं चिकटलेलं बोटभर लांबीचं, तपकिरी, ठिपकेदार माशाचं पिल्लू. पुण्याच्या दुकानातून ‘सकर’ म्हणून आणलेलं.

पण कोणता सकर? बाल्यात सगळे सारखेच. एक जात वीतभरही होत नाही. मोठेपणी तिच्या नाकाडावर मिशा फुटतात. दुसरी हातभर वाढते; मावशींच्या छोट्या टाकीत तिला वळताही आलं नसतं, परत करावं लागलं असतं. “धरणात सोडा की,” असं कुणी म्हटलं की मावशी कडाडायच्या, “मंग तितल्या माशांनी कुटं जायाचं?” आणि या पिल्लावर तर त्यांचा जीव जडलेला. उकडलेल्या काकडीची चकती घालताना त्या त्याच्याशी लेकरासारखं बोलत.

आम्ही मिशांची वाट पाहिली. महिने लोटले, मिशा येईनात. म्हणजे मोठ्या जातीचाच, असा निकाल मावशींनीच दिला. दुकानात परत न्यायला त्याला पारदर्शक डब्यात घेतलं, तशी स्वारी चिडली. पाठीवरचा एरवी मिटलेला पर ताठ उभा राहिला.

“आगं, हितं ये! पराच्या काड्या मोज!”

मी मोजल्या, त्यांनी मोजल्या, पुन्हा मोजल्या. मोठ्या जातीला दहाच्या वर असतात. याला पुढचा काटा धरूनही आठच!

“न्हाई जायाचा! कुटंच न्हाई जायाचा ह्यो!” साठी उलटलेली ती बाई डबा छातीशी धरून घरभर गिरक्या घेत होती, आणि आनंदानं माझेही डोळे भरून आले.

मिशा पुढेही फुटल्या नाहीत, कारण ती मादी होती; त्या जातीत मिशा नरालाच येतात. हे उमगलं तेव्हा मावशी पोट धरून हसल्या. “बाईमाणसाला मिशा मागत बसलो व्हतो आपुन!”

मावशी गेल्या, टाकी माझ्याकडे आली. काळानं त्यांना नेलं, तरी थांबून नीट पाहण्याची त्यांची सवय माझ्या डोळ्यांत राहिली आहे. फक्त काही नवं दिसलं की सांगायला मी शेजारी वळते, आणि त्या नाहीत हे दर वेळी पहिल्यांदाच कळतं.