मास्तरांनी स्वतःसाठी शिवलेला कोट

मी एक जुना कोट आहे, मित्रांनो. रंगाने राखाडी, आणि स्वभावाने आता रागीट झालेला.

मला शिवलं ते एका नावाजलेल्या शिंपी मास्तरांनी. त्यांच्या हातचा कोट मिळावा म्हणून लोक महिना महिना थांबत. पुढे त्यांची बायको मुलीला घेऊन वेगळी राहू लागली, मुलीच्या पोटगीचा दावा कोर्टात गेला, आणि मास्तरांनी चालतं दुकान बंद केलं. भावाच्या दुकानात तुटपुंज्या पगारावर बटणं लावायला बसले. "पगारच एवढासा, तर पोरीला देणार काय?" असं भावाला म्हणून वर हसले. मी तेव्हा नुसतं कापड होतो, टेबलावर घडी होऊन पडलेलं. तरी माझं सूत न् सूत तापलं.

त्याच आठवड्यात मुलगी दुकानात आली. सगळे तिला चिंगी म्हणतात. तिच्या गणवेशाच्या बाह्या पार वर चढल्या होत्या, काखेत उसवलं होतं. "बाबा, एवढं शिवून द्या ना," ती म्हणाली.

"हात थरथरतात गं आता," मास्तर म्हणाले. ती तशीच परत गेली. मग त्याच हातांनी त्यांनी मला बेतलं. कात्री कुठे अडखळली नाही.

तारखेला ते मला घालूनच कोर्टात गेले. हात थरथरतात, शिवणकाम सुटलं, असं न्यायाधीशबाईंना सांगितलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि सहज विचारलं, "कोट छान बसलाय. कोणी शिवला?"

गप्प बसतील तर ते मास्तर कसले? त्यांची मान ताठ झाली. "असा खांदा माझ्याशिवाय कोण बसवणार, मॅडम? गेल्याच महिन्यात शिवलाय."

त्यांच्या वकिलांनी कपाळाला हात लावला.

"म्हणजे हात शाबूत आहेत," बाई म्हणाल्या. "तुम्ही मुद्दाम कमी कमावताय. मग तुमचा आजचा पगार मी धरणार नाही. तुम्ही जेवढं कमावू शकता, तेवढं धरून मुलीची पोटगी ठरेल."

घरी येताच मास्तरांनी मला खुंटीवर फेकलं. पोटगी भरायची म्हणून दुकान पुन्हा उघडलं, पण मला कोणी हात लावला नाही. जणू चुगली मीच केली होती.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात, आम्हाला जपा. मला नका जपू. मास्तरांना एवढंच सांगा, की मला उसवा. माझ्या कापडात चिंगीचा कोट सहज निघेल, बाह्या मनगटापर्यंत पोचतील असा. शिवणारे हात याच घरात आहेत, आणि ते मुळीच थरथरत नाहीत.