निळी पाटी

ग्रेटाचं पत्र मे महिन्यात आलं होतं, आणि ऑगस्ट सरत आला तरी ऑरिनने उत्तर दिलं नव्हतं. आज ते खिशात घालून, सायकल धरून तो कॉपर बेंड गावाच्या वरच्या टोकाला उभा होता. इथून सायकलची वाट खिंड ओलांडून ग्रेटाच्या मॅरो गावात उतरते. समोर त्यानेच ठोकलेली पाटी होती. पाटीवर निळा चौकोन, म्हणजे वाट मध्यम अवघड. नवख्यांची हिरवी, कसलेल्यांची काळी, मधल्या सगळ्यांची निळी.

'हॅल्वर म्हणायचा, एकदा तुला त्या वाटेने मॅरोला घरी आणतो,' ग्रेटाने लिहिलं होतं. 'ते राहूनच गेलं. आता एकटीच येईन म्हणते. मी अडुसष्ट वर्षांची. वाट खरंच निळी आहे का? पाटी तू लावलीस, म्हणून तुला विचारते.'

एकतीस वर्षांपूर्वी ही वाट ऑरिन आणि ग्रेटाचा नवरा हॅल्वर, जो आता हयात नाही, या दोघांनी मिळून खोदली होती. खोदणाऱ्यांनीच रंग ठरवायचा, अशी इथली रीत. हॅल्वर म्हणाला होता, "काळी लाव." ऑरिन सगळी वाट एकदाही पाय न टेकता पार करून आला होता. तो म्हणाला, "छे, मला जमली म्हणजे निळीच."

खिंडीपर्यंत तो दम खात, पण न उतरता चढला. पुढे अ‍ॅस्पेनच्या झाडीतून वाट छान घसरत गेली आणि सात दगडी पायऱ्यांपाशी आली. ऑरिनने ब्रेक दाबले. खाली पाहिलं. उतरला.

मागून एक तरुण मुलगी आली. "काय आजोबा, सायकलीला फिरायला आणलंत?"

"हो. दमलीय बिचारी."

ती हसत पुढे गेली आणि तिसऱ्या पायरीवर तिनेही पाय टेकला. "ही म्हणे निळी! कुठल्या गाढवाने पाटी लावली?"

ऑरिन मग म्हणाला, "मीच तो."

"अगंबाई! मग बदला की."

मॅरोत काय किंवा कॉपर बेंडात काय, पोस्टमन घरी येत नाही. पोस्टाच्या भिंतीत ज्याची त्याची काचेच्या दाराची पेटी असते. मॅरोला पोचल्यावर ऑरिनने पोस्टातच उभ्याने लिहिलं:

'ग्रेटा, वाट निळी आहे, सात पायऱ्या सोडून. त्या काळ्या. चूक माझी, हॅल्वर बरोबर होता. तिथे मी आज उतरून चाललो. तूही चाल. बाकी सगळी तुला जमेल.'

पाकीट त्याने पोस्टाच्या खिडकीत बसणाऱ्या इमोजीनपुढे सरकवलं.

"अरे, तिची पेटी माझ्या पाठीशीच आहे," ती म्हणाली. "दहाला येईलच ती. तोंडानेच सांग ना!"

"तोंडाने जमलं असतं, तर मे महिन्यातच नसतं का सांगितलं? शिक्का मार."

तिने तिकिटावर शिक्का मारला आणि पाकीट मागे सारलं. ऑरिन भिंतीशी गेला. पेटीच्या काचेआड पाकिटाचा एक कोपरा दिसत होता. पेटीवरच्या चिठ्ठीत अजूनही दोघांची नावं होती, हॅल्वरचं आधी.