कोडं घालणाऱ्या काकासाहेबांचं खातं

मी खातं बोलतोय. बँकेतलं नव्हे, आणि सातबाऱ्यावरचंही नव्हे. माणसं मोबाईलवर जिथे एकमेकांना फोटो दाखवतात, वाढदिवसाला शुभेच्छा देतात आणि मधूनच कडाकडा भांडतात, तिथलं मी खातं. त्या जागेचं खरं नाव तुम्हाला ठाऊक असेलच. माझे मालक काकासाहेब मात्र तिला पहिल्यापासून 'चावडी' म्हणतात, म्हणून मीही चावडीच म्हणतो.

माझा जन्म अंकुशनगरचा. काकासाहेब साखर कारखान्यातून नुकतेच रिटायर झाले होते. दिवाळीला लेक आली, दैवशाला. ती अंबडला शाळेत शिकवते. दिवसभर ओसरीवर बसून कंटाळलेल्या वडिलांकडे बघून तिने आपला लॅपटॉप उघडला आणि म्हणाली, "आण्णा, तुम्हाला एक खातं काढून देते. जुनी माणसं भेटतील."

"नाव काय टाकायचं?" काकासाहेबांनी विचारलं.

"तुमचंच की!"

"आन फोटू?"

फोटोसाठी ते आत जाऊन इस्त्रीचा शर्ट घालून आले. खाली पायजमाच होता. तो फोटोत आला नाही, पण मला ठाऊक आहे. तोच फोटो आजही माझ्या कपाळावर आहे.

काकासाहेब कारखान्यात वजनकाट्यावर होते. हंगामात उसाच्या बैलगाड्यांची रांग लागायची. नंबर येईपर्यंत गाडीवान आणि तोडीवर आलेल्या बाया गाडीच्या सावलीत बसून एकमेकांना कोडी घालायच्या. काकासाहेब कान देऊन ऐकायचे. पुढे पुढे ते स्वतःच कोडी रचू लागले. रिटायर झाल्यावर पंचाईत अशी झाली, की ऐकायला उरल्या एकट्या त्यांच्या पत्नी पुष्पाबाई. आणि त्या कोडं पुरं व्हायच्या आत, भाकरी थापता थापता, उत्तर सांगून मोकळ्या व्हायच्या.

म्हणून माझ्यावर पहिल्याच दिवशी कोडं आलं. एकेक अक्षर शोधत काकासाहेबांनी लिहिलं : 'दिवसा उभी, रात्री आडवी. चार पाय, पण चालत न्हाई कधी.'

पहिलं उत्तर तातेरावांचं. ते कारखान्यात क्रेनवर होते, काकासाहेबांचे जुने जोडीदार. त्यांनी नुसतं लिहिलं, 'बाज.' मागून एक अनोळखी नाव आलं, सलमा. राजूरला देवळाच्या रस्त्यावर तिच्या नवऱ्याचं, नजीरचं, बांगड्यांचं दुकान होतं. तिने लिहिलं, 'चाचा, आमच्या घरी चारपाई म्हणतात. चालेल का?'

काकासाहेबांनी उत्तर दिलं, 'चालेल न्हाई, पळेल!'

त्या दिवसापासून रोज सकाळी एक कोडं. चहा झाला, की काकासाहेब चष्मा पुसायचे आणि मला उघडायचे. जालना, तीर्थपुरी, पुणे, कुठकुठची माणसं उत्तरं द्यायची. चुकलेल्याची टिंगल व्हायची, जिंकलेल्याला शाबासकी. सलमाची सासू अंथरुणाला खिळलेली होती, तिला सलमा कोडं वाचून दाखवायची. म्हातारीचं उत्तर उर्दूत यायचं, सलमा ते मराठीत करून पाठवायची. म्हातारी गेल्यावर काकासाहेबांनी त्या दिवशी कोडं घातलं नाही. 'आज चावडी बंद,' एवढंच लिहिलं. खाली कितीतरी लोकांनी हात जोडले.

तेव्हा चावडीची रीत साधी होती. ज्याने आधी लिहिलं त्याचं आधी दिसायचं. काकासाहेबांनी कोडं टाकलं, की ते सगळ्यांच्या दारात जाऊन उभं राहायचं. मलाही वाटायचं, आपण फार मोठे आहोत.

मग चावडी बदलू लागली. एका दिवसात नाही, हळूहळू. कुणाला काय दाखवायचं, हे तीच ठरवू लागली. काकासाहेबांनी एकदा 'गुडघा' हे उत्तर असलेलं कोडं घातलं, तर पुढे कितीतरी दिवस त्यांना गुडघेदुखीच्या तेलाच्या जाहिराती! "ह्यांना कुणी सांगितलं माझे गुडघे दुखतेत म्हणून?" ते पुष्पाबाईंना विचारायचे.

"दुखतेत की!" पुष्पाबाई म्हणायच्या.

"ते खरं हाय, पण ह्यांना कुणी सांगितलं?"

दिवाळीचं कोडं लोकांना भाऊबीज झाल्यावर दिसू लागलं. मला उघडलं, की ओळखीचं माणूस सापडायच्या आधी कुणी परका गडी पनीर कापायचा, कुणी मांजराला टोपी घालायचा. काकासाहेब अंगठ्याने वर सरकवत राहायचे, सरकवत राहायचे, आणि शेवटी फोन उपडा ठेवायचे. उत्तरं कमी होत गेली. एक दिवस सलमाचं सोडलं तर एकही आलं नाही. कोडं सोपं होतं : 'रडत खाली गेली, रडत वर आली, मधे पोटभर पाणी प्याली.' रहाटाची बादली. पुष्पाबाईंनी ते चुलीपाशी बसूनच सांगितलं होतं.

"लोकं कंटाळली मला," काकासाहेब म्हणाले.

सगळ्यात जास्त लागलं ते तातेरावांचं. इतक्या वर्षांचा जोडीदार, आणि महिने झाले, एक शब्द नाही. काकासाहेब तसे हळवे. तोंडाने विचारणार नाहीत, मनात धरून बसतील. चहाच्या टपरीवर तातेराव दिसले, की ते तोंड फिरवून पुढे जाऊ लागले. तातेरावही हाक मारीनात. एकाच टपरीवर दोघं दोन बाकांवर, पाठीला पाठ लावून चहा पिऊ लागले. टपरीवाल्यालाही कोडं पडलं असेल.

शेवटी एका सकाळी काकासाहेबांनी दैवशालाला फोन लावला. "हे बंद कसं करायचं, सांग."

"का हो आण्णा? काय झालं?"

"चावडीचा बाजार झाला, बाई. बाजारात कोडं कोण सोडवतं?"

तिने खूप समजावलं. पण ते ऐकेनात. मग तिने सांगितलं तशी त्यांनी बटणं दाबली. 'नक्की बंद करायचं का?' असं चावडीने विचारलं. काकासाहेब थोडा वेळ थांबले. मग 'हो' वर बोट टेकवलं.

मी मिटलो. जे माझं नाव शोधतील त्यांना 'हे खातं उपलब्ध नाही' एवढंच दिसणार होतं. पुढे जे घडलं ते मी पाहिलेलं नाही. पण काकासाहेबांनी नंतर ते माझ्यावर इतकं रंगवून लिहिलं, की मला सगळं पाठ आहे.

तिकडे राजूरला सलमाने रोजच्यासारखं नाव शोधलं, तर काकासाहेब गायब. तिने दुसऱ्या दिवशी पाहिलं, तिसऱ्या दिवशी पाहिलं. मग ती दुकानात जाऊन नजीरला म्हणाली, "मला वाटतं, चाचा गुजरले." फोन नंबर दोघांकडेही नव्हता, गाव तेवढं माझ्यावर वाचलेलं होतं. नजीरने दुकान शेजाऱ्यावर सोपवलं, आणि दोघं बसने निघाले. जालन्याला गाडी बदलली, अंकुशनगरला उतरले, आणि समोरच्या टपरीवर नजीरने हलक्या आवाजात विचारलं, "ते कोडंवाले काकासाहेब गेले ना, त्यांचं घर कुठं आलं?"

टपरीवर तातेराव बसले होते. काकासाहेब सर्दीमुळे दोनचार दिवस तिकडे फिरकले नव्हते. तातेरावांच्या हातातला कप खाली पडला. "गेले?" असं म्हणून ते चप्पल न घालता पळत सुटले. मागून नजीर आणि सलमा.

पुष्पाबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. तातेराव अंगणातूनच ओरडले, "वैनी, मला कळवलं बी न्हाई! एवढा का मी परका झाल्तो?"

"काय कळवायचं, भावजी?" पुष्पाबाई गोंधळल्या.

तोवर सलमा पुढे झाली. पुष्पाबाईंचा हात हातात घेऊन ती म्हणाली, "चाची, सबर करा. फार भला माणूस होता."

"कोण?"

आणि मोरीचं दार उघडून काकासाहेब बाहेर आले. कमरेला पंचा, डोक्यावरून पाणी ठिबकतंय. अंगणात एवढी माणसं बघून ते म्हणाले, "काय झालं? कोण गेलं?"

नजीरने हातातला पेढ्यांचा पुडा मागे लपवला. दुखवट्याला आणायला नको होता, पण राजूरहून रिकाम्या हाताने निघवेना, म्हणून त्याने घेतला होता. आता तो पुढे करावा की नाही, ते त्याला समजेना. तातेराव पायरीवर मटकन बसले. मग त्यांना राग आला.

"जित्ते हाईत तर बोलत का न्हाई माझ्याशी?"

"मी? तूच माझ्या कोड्याला उत्तर देईना!"

"कोडं दिसलं तर देईन ना! महिने झाले, मला तुमचं काहीच येत न्हाई. मला वाटलं, तुम्हीच मला काढून टाकलं."

काकासाहेब पंचा धरून तसेच उभे राहिले. "मी कशाला काढू रे तुला?"

"मंग मी कशाला रुसू?"

आधी सलमा हसली. मग पुष्पाबाई इतक्या हसल्या, की सुपातले तांदूळ सांडले. नजीरने पेढे पुढे केले. काकासाहेबांनी ओल्या हातानेच पहिला पेढा उचलला आणि तातेरावांच्या तोंडात कोंबला.

चहा झाल्यावर काकासाहेबांनी सलमाला विचारलं, "पोरी, याला दिसत न्हाई, दुसऱ्यांना दिसत न्हाई, मंग तुला माझं कोडं रोज कसं दिसत होतं?"

"मला कुठं दिसतं, चाचा? मी वाट बघतच न्हाई. रोज सकाळी तुमचं नाव लिहिते आणि सरळ तुमच्या घरात येते. चावडी दाखवील तेव्हा बघू म्हणून बसले असते, तर मी बी रुसले असते."

काकासाहेबांनी चष्मा मागितला. सलमाने सांगितलं तसं केलं, आणि मी पुन्हा उघडलो. माझ्यावरचं एकही अक्षर हललेलं नव्हतं. तातेरावांनी तिथेच बसून काकासाहेबांचं नाव लिहिलं, आणि न पाहिलेली सगळी कोडी एकामागून एक सोडवायला घेतली. नजीर-सलमाला शेवटच्या बसपर्यंत कुणी उठू दिलं नाही.

आता माझे दिवस बरे चालले आहेत. चावडी पुन्हा पहिल्यासारखी झालेली नाही, होणारही नाही. पनीर कापणारा गडी अजून येतो. तेलाच्या जाहिराती येतात, आणि खरं सांगायचं तर काकासाहेबांनी त्यातली एक बाटली मागवलीसुद्धा. उत्तरं कधी पाच येतात, कधी दोन. पण कोडं टाकून झालं, की काकासाहेब फोन उपडा ठेवत नाहीत. ते एकेक नाव स्वतः लिहितात आणि त्या त्या माणसाकडे जाऊन येतात. कुणाला नातू झालाय, कुणाच्या मोसंबीला बहर आलाय, कुणी नुसताच आभाळाचा फोटो टाकलाय. चार शब्द लिहून पुढच्या घरी. मला ही फेरी फार आवडते.

माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्याही ओळखीचं एखादं नाव बऱ्याच दिवसांत दिसलं नसेल. ते माणूस बदललं, असं लगेच धरून बसू नका. नाव लिहा आणि जाऊन या. आम्ही खाती दारं लावून बसलेलो नसतो.

आज सकाळीच काकासाहेबांनी कोडं घातलं : 'गोल गोल फिरतं, मूठ मूठ खातं, खाल्लेलं सगळं भोवती टाकतं.'

पहिलं उत्तर एका अगदी नव्या नावाचं आलं. फोटो नाही, गाव नाही. उत्तर होतं, 'मिक्सर.'

काकासाहेब इतके खूश झाले, की पुष्पाबाईंना हाक मारून त्यांनी ते दोनदा वाचून दाखवलं. मग बोट टेकवत टेकवत लिहिलं, 'जवळ आलात. आता जरा आजीच्या घरात जाऊन बघा.'

खाली तीन ठिपके हलू लागले आहेत. पलीकडे कुणीतरी लिहितंय. आम्ही दोघं वाट बघतोय.