भोवऱ्यावरची झुलपं

पार्लरवाल्या शिरीननं हर्षदाच्या पुढच्या केसांवर पाण्याचा फवारा मारला, कंगव्यानं ते कपाळावर सरळ ओढले आणि हात काढून घेतला. केस क्षणभर गपगार पडून राहिले. मग मधोमध फाटले आणि ताठ उभे राहिले. तिनं पुन्हा पाणी मारलं. पुन्हा तेच.

"भोवरा अगदी पुढंच आहे हिचा," ती म्हणाली.

मागच्या बाकावर बसलेल्या आईनं दचकून दाराकडं बघितलं. हर्षदाला ते आरशात दिसलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ह्या केडगावात कुत्रं ओळखत नव्हतं त्यांना. म्हणून तर शिरूरची पार्लरं सोडून, नदी ओलांडून, स्टेशनजवळच्या ह्या एका खोलीत आणलं होतं तिला.

पुढचे केस कापू दे म्हणून ती चार वर्षं आईच्या मागं लागली होती. कॉलेजातल्या निम्म्या पोरींनी कापले होते. आईचं एकच, कपाळ झाकून हिंडायला काय चोरी केलीय का आपण? आणि आता रविवारी दौंडकडचे पाहुणे बघायला यायचे, तर तीच आई सकाळपासून घायकुतीला आलेली. कपाळ दिसायलाच नको, असं कापा म्हणे. हवं होतं तेच मिळत होतं आणि हर्षदाच्या तोंडाला चव नव्हती.

भिंतीवर केसांच्या कटांचा रंगीत तक्ता होता. शिरीन त्यावर कंगवा ठेवत समजावू लागली. मशरूम कट केला तर पुढची झुलपं दाट येतील, वजनानं भोवरा दबेल, पण मागची वेणी जाईल, केस कानाशी येतील. स्टेप कटमध्ये पुढच्या बटा गालापर्यंत ठेवायच्या, एका अंगाला वळवून ड्रायरनं बसवायच्या, भोवरा त्यांच्याखाली जातो. तिसरा भुवयांच्या वर सरळ रेषेत आखूड कापलेला. तो भोवऱ्यावर बसत नाही, त्याचं नावच काढू नका.

आईला बटा पसंत पडल्या. वाऱ्यानं उडतील का, खाली वाकल्यावर सरकतील का, चहाचा ट्रे धरल्यावर काय, असं तिनं खोदून खोदून विचारलं. बारीक पिन लावा, शिरीन म्हणाली.

चहाचा ट्रे! पहिल्या दोन स्थळांनी भोवरा बघून नुसतीच कुजबुज केली होती. तिसऱ्या स्थळाच्या म्हाताऱ्याची हयात बैलबाजारात गेलेली. हर्षदानं पोह्यांची बशी पुढं केली, तसं त्यानं बोटानं तिचे केस वर सारले, गोऱ्ह्याच्या कपाळावरचे सारावेत तसे. असली पोर धन्याला लाभत न्हाई, म्हणाला, आणि पोहे न खाता उठला. आई दाराआड उभी होती.

"आई," हर्षदा आरशातच बघत म्हणाली, "दादा गेलं तवा कुणाचा भवरा नडला त्यांना?"

दादा म्हणजे तिचे वडील, बिरदेव. ती सहा वर्षांची असताना नगर रस्त्यावर ट्रकनं उडवलं होतं त्यांना.

"तुला तर न्हाई ना? मग कसं गेलं ते?"

शिरीन फडकं झटकायच्या निमित्तानं बाजूला झाली. आई उठून खुर्चीमागं आली, डोक्यावरचा पदर खांद्यावर घेतला आणि तेलानं चापून बसवलेले पुढचे केस बोटांनी मोकळे केले. कपाळाच्या वर, अगदी त्याच जागी, पांढरे व्हायला लागलेले केस गरकन फिरून उभे राहिले.

"तुझ्या बापानं बघितला व्हता. हसलं व्हतं ते. म्हनलं, आपल्या मेंढरांना बी आसतो की. दुसऱ्या कुनाला म्हाईत न्हाई." तिनं बोटानं तो भोवरा चाचपला. "मग ते गेलं. मी कुनाला काय सांगू?"

हर्षदाला आईची कीव यायला हवी होती. ती आलीही, पण तिच्याआधी संताप आला.

"त्या म्हाताऱ्यानं माझं केस उचकलं, तवा तू ह्यो पदराखाली घेऊन गप उभी राहिलीस?"

"तुझं जुळंल म्हनून."

"जुळलं?"

हर्षदाच्या डोळ्यांतून पाणी आलं, हात कापडाखाली असल्यानं तिला ते पुसताही येईना. शिरीननं कात्री उचलून हळूच विचारलं, मग बटाच करायच्या ना?

"आखूड करा. सरळ रेषेतला."

"उभे राहतील, ताई. मग मला बोल लावायचा नाही." शिरीननं आईकडं बघितलं.

"राहू द्या," आई म्हणाली.

शिरीननं केस आधी वाळवले, कारण ओले कापले की वाळल्यावर आणखी आखडतात. मग कात्री उभी धरून थोडं थोडं कापलं. दोन्ही बाजूंची झुलपं सुरेख बसली. मधली मात्र शिपायासारखी ताठ झाली. तिनं गोल ब्रशनं ओढून पाहिली, ड्रायरची गरम हवा दिली, शेवटी हर्षदाच म्हणाली, राहू द्या आता.

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. न्यायला हौसराव आले होते, बिरदेवांचे थोरले चुलतभाऊ, हर्षदाचे आप्पा. सगळी स्थळं त्यांनीच आणलेली. त्यांच्यापुढं आई कधी उघड्या डोक्यानं आली नव्हती. आज ती आधी बाहेर पडली. तिचा हात सवयीनं पदराकडं गेला, आणि तिनं पदर कमरेला खोचला.

"भावजी, पावन्यांना निरोप धाडा. पोरीला भवरा हाय, तिच्या आईला बी हाय. ऐकूनशान यायचं आसंल तर या म्हनावं."

हौसरावांनी तिच्या कपाळाकडं बघितलं. त्यांना नवल वाटल्याचं काही दिसलं नाही.

"बिरदेव बोलला व्हता मला," ते म्हणाले. "लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी. लय हसत व्हता."

आई जीपच्या दाराला धरून उभी राहिली. बिरदेव गेल्यापासून चौदा वर्षं ती तेल चोपडून ते केस दाबत आली होती.

हर्षदा पायरी उतरून पुढं आली.

"म्हंजी तिन्ही येळा तुम्ही बी बैठकीत बसला व्हता, आप्पा. सगळं म्हाईत असून."

हौसरावांनी गाडी सुरू केली, आणि नुसतीच सुरू ठेवून समोरच्या रस्त्याकडं बघत बसले.